नरसिंगअण्णांच्या थर्मासातला बर्फ

सकाळी शेडचं दार उघडण्याआधी नरसिंगअण्णा शीळ घालायचे. गाण्याची नव्हे. ओठ अर्धवट मिटून काढलेली, खालच्या सुरातली, लांबलचक एकच शीळ. आत पाचशे पिल्लांचा कलकलाट चालू असायचा, तो त्या शिळेसरशी थांबायचा. फार वेळ नाही, दोन-तीन श्वास. तेवढ्यात ते डोळे मिटून, कान दाराच्या जाळीला लावून ऐकायचे. मग डोळे उघडून म्हणायचे, "चांगली हायेत." नाहीतर, "तिकडच्या कोपऱ्यात दोघं शिंकायलेत."

मी नवा डॉक्टर म्हणून त्या केंद्रावर रुजू झालो, त्या पहिल्या सकाळी मला हसू आलं होतं. मी पुढं होऊन दार ढकलायला गेलो, तर त्यांनी हात आडवा धरला.

"गप उभं राहा, साब. तुमी आत गेलाव की ती घाबरून ओरडतेत. मग काय आयकू येतंय?"

बीदरपासून काही मैलांवर सरकारी कुक्कुटपालन केंद्र होतं. आज ते नाही. मैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच्या आसपासची ही वर्षं. मी चिंताकीचा, धनगराच्या घरातला. बाप मेंढरांमागं हिंडला आणि मी जनावरांचा डॉक्टर झालो, याचा मला तेव्हा फार अभिमान होता. नरसिंगअण्णा कमठाण्याचे. केंद्रावर शिपाई म्हणून लागले होते, पण औषध देणं, लस घालणं, मेलेलं पाखरू फाडून दाखवणं, सगळं तेच करायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना "अरे नरसिंग" अशीच हाक मारायचो. आज लिहिताना आदरानं लिहितो आहे. त्याचा त्यांना काही उपयोग नाही.

या माणसाबद्दल एका सरकारी फाइलीत एक वाक्य आहे. "निष्काळजीपणाने लस निकामी केली." ते वाक्य खोटं आहे आणि माझ्यामुळं लिहिलं गेलं. काही वर्षांपूर्वी कोरोनाची साथ आली आणि लहानथोर सगळ्यांच्या तोंडी तो शब्द झाला. मी तो शब्द त्याच्या कितीतरी आधी ऐकला होता, कोंबड्यांच्या खोकल्याच्या संदर्भात. घरात कोंडून घेतलेल्या त्या दिवसांत टीव्हीवरचे डॉक्टर शरीर विषाणूशी कसं लढतं ते समजावून सांगायचे, आणि मला नरसिंगअण्णांचा आवाज ऐकू यायचा. मी टीव्ही बंद करायचो. आता मी ऐंशी ओलांडली आहे. लिहून टाकतो.

त्यांना तीन भाषा यायच्या, थोडी तेलुगूही. साहेब लोकांशी दखनी उर्दू, घरी आणि माझ्याशी मराठी, आणि कोंबड्यांशी कन्नड. एकदा मी विचारलं, "का रे, कोंबड्यांना मराठी कळत नाही का?"

"कळतंय की. पर मराठीत मी शिव्या देतो, साब. मनाला लावून घेतेत."

आमचे कारकून अण्णाराव रोज त्यांची थट्टा करायचे. "काय नरसिंग, आज कोंबड्यांनी काय अर्ज दिलाय?"

"रजेचा दिलाय, अण्णाराव. तुमच्यासारखाच. पोटदुखीचा."

सगळे हसायचे. मग चहा यायचा आणि नरसिंगअण्णा म्हणायचे, "मी पिऊन आलोय." सकाळी म्हणायचे, दुपारी म्हणायचे. मी सहा वर्षं त्यांच्यासोबत काम केलं, पण कचेरीत चहा पिताना त्यांना पाहिलं नाही. आणि कप किती आहेत, कुणाचा कुठं ठेवलेला असतो, हे मी कधी बघितलं नाही. बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नाही.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. त्यांना ताप होता आणि औषधाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडं राहिली होती. कमठाण्याच्या कडेला बौद्धांची घरं, त्यात शेवटचं त्यांचं. शेणानं सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी केंद्रातून आणलेलं कोंबडीच्या शरीराचं रंगीत चित्र. त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, ताट वाढायला घेतलं.

मी म्हणालो, "नको, नको. मी जेवून आलोय."

शेवंताबाई ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "व्हय, साब. आमच्याकडं येणारे समदेच जेवून येतेत. आमच्या घराचं नाव काढलं की लोकायचं पोट भरतंय."

"शेवंता," आतून अण्णा म्हणाले.

"मी काय वंगाळ बोलले? जेवून आले तर चांगलंच हाय की."

बाईच्या जिभेला अशी धार होती. अण्णा तिला भीत होते आणि तिच्या शब्दाला मानत होते, दोन्ही. केंद्रात काही बिघडलं तर म्हणायचे, "साब, तुमी बोला, अधिकारी बोलू द्या. शेवंताला कळलं न्हाई म्हंजे झालं."

माझ्या पदवीत जे नव्हतं ते मी त्यांच्याकडून शिकलो. एका हिवाळ्यात पिल्लांमध्ये खोकल्याची साथ आली. इंग्रजी पुस्तकात तिचं नाव होतं, श्वासनळ्यांचा संसर्गजन्य दाह. विषाणूमुळं होतो एवढं मला पाठ होतं. अण्णांनी मेलेलं पिल्लू पत्र्यावर ठेवलं, बारीक कात्रीनं गळ्यापासून छातीपर्यंत श्वासनळी उभी चिरली आणि मला जवळ बोलावलं. वरचा भाग लालबुंद, शेंबडानं भरलेला. जिथं नळीला दोन फाटे फुटतात तिथं पिवळट, घट्ट गोळा, दह्याच्या गाठीसारखा.

"ह्यानं मेलंय," ते म्हणाले.

"विषाणूनं मेलंय," मी दुरुस्त केलं.

"विषाणू कुठं दिसतोय, साब? तुमाला दिसतोय का? हे दिसतंय. हे कुणी आणलं? रोगानं न्हाई आणलं. हे त्याच्या अंगातलंच हाय."

मग तो पत्रा तसाच ठेवून ते सांगू लागले. त्यांच्या लहानपणी वस्तीत एका घराला आग लागली होती. "पहिल्यांदा कोण पळतंय? घरचे. शेजारचे. ज्येला जे भेटलं ते घेऊन. पोलीस, पाटील, बंबवाला, हे मागून. आमी तर इतके पळालो की दारातच गर्दी झाली. आतली म्हातारी आगीनं न्हाई मेली. दारात चेंगरून मेली. ह्या पिल्लाचं तसंच हाय बघा. अंगातले समदे धावले, शेंबूड धावला, पू धावला, आन् वाटच बंद."

"आणि जी वाचतात ती?"

"त्येंच्यात बी धावतेत. पर येळेवर धावतेत. हा रोग वाजवीत येत न्हाई. पिल्लू आधी एक दिस नुसतं दिव्याखाली गोळा होऊन बसतंय, खोकत न्हाई. घरच्याला उशिरा कळतंय. उशिरा कळलं की मग लई गर्दी होते."

त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. निजामाच्या काळातल्या एका म्हाताऱ्या सालोत्र्याच्या, म्हणजे गुराघोड्यांच्या वैद्याच्या, हाताखाली ते चिरफाड शिकले होते. बाकी सगळं शिळेनंतरच्या त्या शांततेतून. आज वाचायला मिळतं की या जातीचे विषाणू शरीराला लवकर चाहूल लागू देत नाहीत. पेशींची हाकाटी उशिरा सुरू होते, आणि उशिरा झालेली हाकाटी कधीकधी रोगापेक्षा जास्त नुकसान करते. हे वाचताना मला नवं काहीच वाटलं नाही.

आता ती लस.

राणीखेत हा कोंबड्यांचा रोग म्हणजे आमच्याकडची मानमोडी. ती आली की शेड रिकामं होतं. तिची लस बंगळूरहून रेल्वेनं गुलबर्ग्याला यायची, बर्फाच्या थर्मासात. तिथून ती बसनं आणायचं काम नरसिंगअण्णांचं. काचेच्या छोट्या बाटलीत वाळवलेली, जिवंत विषाणूची लस. गरम झाली की मेली. थर्मास ते कधी बसच्या फळीवर ठेवत नसत, पायाशी ठेवत नसत. ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचे. कंडक्टर विचारायचा, "काय, अप्पा, लेकरू हाय का?" तर म्हणायचे, "व्हय. तिकीट लागंल का?"

त्या खेपेला उन्हाळा नुकता चालू झाला होता. चिंचोळीवरून येणारी बस मन्नाएखेळ्ळीत बंद पडली. चार तास. अण्णांनी थर्मास उघडून बघितला, बर्फ निम्मा राहिला होता. रस्त्यावर एक सोड्याचं दुकान होतं, तिथं भुशात झाकलेली बर्फाची लादी. दुकानदार द्यायला तयार नव्हता, गिऱ्हाइकाला सोडा गार लागतो म्हणाला. अण्णांनी कन्नडमधून त्याला कोंबड्यांची सगळी कहाणी सांगितली. शेवटी त्यानं कंटाळून एक तुकडा फोडून दिला. अण्णांनी तो धोतराच्या सोग्यात बांधून दगडावर आपटला आणि खडे थर्मासात भरले.

हे त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं. दुपार झाली होती. अंगातला सदरा घामानं चिकटलेला. मी टेबलावर थर्मास घेतला, झाकण उघडलं, आत बोटं घातली. सुपारीएवढे पाच-सहा खडे होते, आणि त्यांच्यात बाटली. माझी बोटं बधिर झाली. मी म्हणालो, "वा रे, थंडगार आहे." ते हसले.

तोंड धुऊन ते शेडकडं गेले आणि थोड्या वेळानं परत आले.

"साब, एक नंबरच्या शेडला आज लसीचा थेंब घालू नका."

"का?"

"खोकायलेत."

"धूळ असेल. आजच भुसा बदललाय."

"धुळीचा खोकला कोरडा असतोय. ह्यो वला हाय. त्योच रोग हाय, हिवाळ्यातला."

ती लस पिल्लांच्या नाकात एकेक थेंब घालून द्यायची असते. मी म्हणालो, "मग थेंब घातला तर काय बिघडेल?"

"लागत न्हाई, साब. खोकणाऱ्या कोंबडीला लस लागत न्हाई. मी दोनदा बघितलंय. घरात आधीच आरडाओरडा चालू हाय, दारं लावून घेतलेत. पाव्हण्याला कोण आत घेतंय? घातली न घातली सारखीच. वरून ती जास्ती खोकतेत."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात न्हाई."

दुसऱ्या दिवशी वरचे अधिकारी तपासणीला येणार होते. लसीकरणाचं रजिस्टर पूर्ण हवं होतं. बाटली एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते, आणि नवी यायला पंधरा दिवस. ही सगळी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. खरं कारण असं की मला माझ्या शिपायाच्या सांगण्यावरून थांबायचं नव्हतं. मी म्हणालो, "घाल."

"बरं. मग आधी दोन नंबरला घालू द्या. ती चांगली हायेत. त्येंचा तरी वाया जाऊ नये."

त्याच बाटलीतून, त्याच हातानं, त्यांनी आधी दोन नंबरच्या शेडला थेंब घातले आणि मग एक नंबरच्या. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "सर्व पिल्ले निरोगी." खोकल्याचा शब्द नाही. बाटली एकच होती हेही लिहिलं नाही. ते कुणी कधी लिहीत नसे.

पुढच्या आठवड्यात एक नंबरमधली काही पिल्लं घरघर लागून मेली. नळीत तोच पिवळा गोळा. मी नोंद केली, "थंडी बाधल्याने." उन्हाळ्यात. ते नोंदणारा मी आणि वाचून सही करणारे वरचे, कुणालाच त्यात काही वाटलं नाही. राहिलेली पिल्लं सुधारली. अण्णा म्हणाले, "साब, ह्या शेडला पुन्हा थेंब घालावा लागंल." मी म्हणालो, "बघू." पुन्हा घालायचा म्हणजे पहिला का वाया गेला ते लिहायला हवं होतं.

महिना-सव्वा महिन्यानं आसपासच्या खेड्यांत मानमोडी आली आणि आमच्यापर्यंत पोचली. एक नंबरचं शेड पाच दिवसांत संपलं. माना पिळवटलेल्या, हिरवी हगवण. अण्णा घमेल्यानं मेलेली पाखरं बाहेर काढत होते आणि चुन्याच्या खड्ड्यात टाकत होते. दहा पावलांवरच्या दोन नंबरात काहीच झालं नाही. ती पिल्लं दाणे टिपत होती.

चौकशी लागली. लस घातलेलं शेड मेलं कसं? लसच मेलेली असणार. लस कुणी आणली? बस कुठं बंद पडली?

चौकशी माझ्याच खोलीत झाली, कन्नडमधून. चौकशी अधिकारी शांत माणूस होता. त्यानं आवाजही चढवला नाही.

"चार तास बस उन्हात उभी होती?"

"व्हय."

"बर्फ?"

"नवा घातला. सोड्याच्या दुकानातला."

"दुकानदाराचं नाव?"

"नाव न्हाई विचारलं, साब. बरफ विचारला."

अण्णाराव कोपऱ्यात हसले आणि लगेच गप्प झाले.

"साक्षीदार कोण?"

"डाक्टरसाब हायेत की," नरसिंगअण्णा म्हणाले. अगदी सहज. पेन सापडत नसलं तर टेबलावर आहे म्हणून सांगावं, तसं. "त्येंनी झाकण उघडलं. बोटं घातली. त्येंना विचारा."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

बर्फ होता म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग लस वाया का गेली? त्याचं उत्तर खोकला. आणि माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं लिहिलं होतं, सर्व पिल्ले निरोगी. मी म्हणालो, "त्या दिवशी कामाची घाई होती. नक्की आठवत नाही."

नरसिंगअण्णा माझ्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे. माझं बोलणं संपलेलं नाही, मी अजून काही म्हणणार आहे, अशा तऱ्हेनं. मी टेबलावरची टाचणी उचलून कागदांना लावली.

मग ते अधिकाऱ्याला म्हणाले, "दोन नंबरची पिल्लं जित्ती हायेत. तीच बाटली, साब. लस मेली असती तर ती कशी जगली?"

हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पुरेसा होता. अधिकारी शहाणा होता. त्यानं मला विचारलं, "बाटली एकच होती?"

"तशी नोंद नाही," मी म्हणालो. हे तर खरंच होतं.

नोकरी गेली. निघाले त्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली, कात्री, लस घालायची नळी, सगळं एकेक करून माझ्या टेबलावर ठेवलं आणि यादीवर सही मागितली. "न्हाईतर मागून म्हणतील नरसिंगनं नेलं." मी सही केली. एवढं बोलून ते गेले. मला एक शब्द लावून बोलले असते तर बरं झालं असतं असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. त्यांच्यावर रागवायला तेवढं पुरलं असतं.

वर्षं गेली. मला बढत्या मिळाल्या. बंगळूरला एका प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथं एका प्राध्यापकांनी कोंबड्यांच्या या कोरोना विषाणूवर व्याख्यान दिलं. विषाणू नळीच्या अस्तरात शिरला की तिथल्या पेशी एक द्रव्य सोडतात, इंटरफेरॉन. शेजारच्या पेशींना त्यानं सावध केलं जातं. सावध झालेली पेशी मग कुठलाच विषाणू आत वाढू देत नाही. तो रोगाचा आहे की लसीचा, हे ती बघत नाही. ही शरीराची उपजत राखण, शिकवावी न लागणारी. त्यामुळं खोकणाऱ्या कळपाला राणीखेतची जिवंत लस दिली तर लसीचा विषाणू रुजतच नाही, आणि शरीर त्याला ओळखायलाही शिकत नाही. लस घातली न घातली सारखीच.

मधल्या सुटीत मी त्यांना गाठून विचारलं, "म्हणजे थर्मासात बर्फ असला तरी?"

"बर्फाचा काय संबंध?" ते म्हणाले.

परत येऊन मी वरिष्ठांना पत्र लिहायला बसलो. मसुदा केला. चांगला, मुद्देसूद मसुदा. तो कपाटात ठेवला. पुढच्या वर्षी बढतीची यादी लागणार होती, मग त्याच्या पुढच्या वर्षी बदली झाली. मसुदा कुठल्या घरात राहिला ते आता सांगता येणार नाही.

शेवटचा मी नरसिंगअण्णांना भेटलो ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. त्यानंतर दोन पावसाळ्यांत ते वारले. शेवंताबाई त्यांच्यामागं काही वर्षं होत्या. मला दोन्ही बातम्या कळल्या होत्या. मी एकदाही कमठाण्याला गेलो नाही.

मन्नाएखेळ्ळीच्या पुढं हमरस्त्यालगत एका सावकाराचं कोंबड्यांचं खाजगी शेड होतं. मी तपासणीला गेलो होतो, सरकारी जीपमधून. मागच्या बाजूला खाद्याच्या पोत्यांवर राखण करत एक म्हातारा बसला होता. अंगात फक्त बंडी. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला आधीच ओळखलं होतं. उठून उभे राहिले.

मी म्हणालो, "बसा, अण्णा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अण्णा म्हणालो. ते बसले नाहीत.

मालक आत हिशेबाच्या वह्या आणायला गेला होता. मी बंगळूरचं व्याख्यान त्यांना सांगितलं. द्रव्य, पेशी, दारं लावून घेणं. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं, आता पुस्तकात आहे, असं म्हणालो. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते राहू द्या, साब. बरफ होता का?"

"काय?"

"तुमी झाकण उघडलं तवा. आत बरफ होता का न्हाई?"

मी म्हणालो, "होता."

ते पोत्यावर बसले. गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिले. मग म्हणाले, "शेवंता म्हणती, तू झोपला असशील गाडीत. येवढे शिकलेले लोक खोटं कामून लिवतील? पहिल्या दिसापासून म्हणती. भांडण झालं की म्हणती, न झालं तरी म्हणती. आता तर मला बी वाटायला लागलं होतं. चार तास गाडी उनात. डोळा लागला असंल. त्यो सोडावाला, त्यो बरफ, समदं सपनात बघितलं असंल. मी त्या दुकानाकडं जाऊन आलो, साब. तिथं आता टायरवाला हाय. कुणाला इचारू?"

"होता बर्फ," मी पुन्हा म्हणालो. "सुपारीएवढे खडे होते. माझी बोटं बधिर झाली."

"सुपारीयेवढे," ते म्हणाले. "व्हय. दगडावर फोडलेले."

मी म्हणालो, "फाइल आता बंद झालीय, अण्णा. नोकरीचं तर..."

"नोकरी कोण मागायलंय?" ते एकदम उठले. चेहरा उजळला होता, हे लिहायला मला जड जातं. "घरी चला, साब. तुमची जीप हाय, अर्ध्या-पाऊण तासात जाऊन येऊ. फकस्त शेवंताला सांगा. बाकी कुणाला न्हाई. तिच्यासमोर येवढंच म्हणा, बरफ होता. ती माझं आयकत न्हाई, तुमचं आयकंल."

मी घड्याळ बघितलं. हुमनाबादला बैठक होती, हे खरं होतं. पण मला शेवंताबाई दिसत होत्या, ताट हातात घेतलेल्या. त्या मला काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं.

"थांबा हं, साब," ते म्हणाले. "सदरा घालून येतो. असा कसा येऊ तुमच्याबरोबर?" आणि शेडच्या मागं खोलीकडं जवळजवळ पळतच गेले.

मी जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरला म्हणालो, "चल."

"ते बुजुर्ग येतेत म्हणले की, साब."

"चल म्हटलं ना."

गाडी हमरस्त्याला लागली. पुढं एक बैलगाडी आडवी होती म्हणून वेग नव्हता, आणि मी मागं वळून बघितलं. ते कोपऱ्यावरून आले. पांढरा, धुतलेला सदरा, वरचं बटण लावत. जीप उभी होती त्या जागेवर येऊन थांबले. रस्त्याच्या उलट बाजूला बघितलं, मग शेडकडं. आमच्याकडं त्यांची पाठ होती. मग ते लिंबाच्या सावलीत सरकले आणि मी गाडी वळवून आणायला गेलो आहे असं समजून, सदरा नीट करत, वाट बघत उभे राहिले.